जोडलेल्या रिपीटरांवर बोलण्याची रीत

हौशी (हॅम) रेडिओच्या हातातल्या पाच वॉटच्या सेटचे पीटीटी, म्हणजे बोलताना दाबून धरायचे, बटण दाबल्यावर साध्या रिपीटरवर काय घडते, हे समजायला सोपे आहे. उंचावर बसवलेला रिसीव्हर आपला आवाज एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच्या जोडीचा ट्रान्समीटर तोच आवाज त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर अधिक शक्तीने प्रसारित करतो. दोन मीटर बँडवर, म्हणजे हौशींच्या एका नेहमीच्या फ्रिक्वेन्सी-पट्ट्यावर, या दोन फ्रिक्वेन्सींमध्ये बहुतेक ठिकाणी 600 किलोहर्ट्झचे अंतर असते. इतक्या जवळच्या फ्रिक्वेन्सींवर एकाच अँटेनातून ऐकणे आणि बोलणे एकाच वेळी चालावे, म्हणून मध्ये डुप्लेक्सर नावाचे मोठ्या नळकांड्यांसारखे फिल्टर बसवलेले असतात. आपण बोलतो, परिसरातले लोक ऐकतात आणि आपण बटण सोडल्यावर एक-दोन सेकंदांत रिपीटरही गप्प होतो. यात काही चुकले तरी ती चूक त्या परिसरापुरती राहते.

हेच बटण एकमेकांना जोडलेल्या रिपीटरांच्या जाळ्यावर दाबले की गोष्ट वेगळी होते. समजा, जाळ्यात 40 रिपीटर आहेत. बटण दाबताच 40 ट्रान्समीटर चालू होतात, 40 पॉवर अँप्लिफायर तापू लागतात आणि 40 ठिकाणच्या फ्रिक्वेन्सी आपल्या एका वाक्यासाठी अडून राहतात. त्यातल्या 39 ठिकाणी काय चालले आहे, हे आपल्याला दिसत नाही आणि बऱ्याचदा ऐकूही येत नाही. या जाळ्यांवरचा जवळजवळ प्रत्येक शिष्टाचार याच एका गोष्टीतून निघतो, असे माझे मत आहे. म्हणून नियमांची यादी पाठ करण्यापेक्षा आवाज जाळ्यातून कसा प्रवास करतो हे आधी समजून घेतलेले बरे.

रिपीटर एकमेकांना जोडण्याची जुनी पद्धत म्हणजे एका शिखरावरून दुसऱ्या शिखराकडे रोखलेला यूएचएफ किंवा मायक्रोवेव्ह रेडिओलहरींचा दुवा. पुढे इंटरनेट आले. कॅनडातल्या व्हँकुव्हरचे डेव्हिड कॅमेरॉन यांनी 1997 मध्ये इंटरनेट रेडिओ लिंकिंग प्रोजेक्ट, म्हणजे आयआरएलपी, सुरू केला. 2002 मध्ये जोनाथन टेलर यांचे एकोलिंक आले आणि परवानाधारकांना संगणकावरूनही दूरच्या रिपीटरवर बोलता येऊ लागले. जिम डिक्सन यांनी अ‍ॅस्टेरिस्क या टेलिफोन एक्स्चेंजच्या मुक्त सॉफ्टवेअरवर ऑलस्टार उभे केले. डिजिटल आवाजाच्या बाजूला डी-स्टार, डीएमआर आणि फ्यूजन अशी कुटुंबे आहेत. अनेक नोड, म्हणजे जाळ्याला जोडलेली रिपीटरसारखी ठिकाणे, जिथे एकत्र येतात त्या जागेला कुठे रिफ्लेक्टर, कुठे कॉन्फरन्स, तर कुठे टॉकग्रुप म्हणतात. नावे वेगळी असली तरी वागणे सारखेच असते: एका वेळी एकाने बोलायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे.

आता एका हाकेचा प्रवास पाहू. बटण दाबल्यावर सेटचा ट्रान्समीटर पूर्ण शक्तीवर यायला थोडा वेळ जातो. रिपीटरला सीटीसीएसएस टोन हवा असेल, तर तो मंद, कानाला जवळपास न जाणवणारा स्वर ओळखायला रिसीव्हरला आणखी काही क्षण लागतात. मग कंट्रोलर दुव्याला जागे करतो, आवाजाचे डेटाच्या छोट्या पाकिटांत रूपांतर होते आणि ती पाकिटे रिफ्लेक्टरकडे जातात. तिथून ती प्रत्येक नोडकडे निघतात. इंटरनेटवर पाकिटे मागेपुढे पोहोचतात, म्हणून समोरचा नोड ती थोडा वेळ साठवून घेतो आणि मगच आवाज जोडून सोडतो. त्यानंतर तिकडचा ट्रान्समीटर चालू होतो आणि शेवटी तिथल्या श्रोत्याच्या सेटमधला टोन स्क्वेल्च (योग्य टोन येईपर्यंत स्पीकर गप्प ठेवणारी सोय) उघडतो. प्रत्येक टप्पा स्वतःपुरता किरकोळ असला, तरी सगळ्यांची बेरीज एखाद-दोन सेकंदांच्या घरात सहज जाते. बटण दाबताक्षणीच बोलायला सुरुवात केली तर पहिले दोन-तीन शब्द वाटेत गळून पडतात. आणि पहिले शब्द म्हणजे बहुधा कॉलसाइन, म्हणजे परवान्यासोबत मिळालेले ओळखचिन्हच, असते. म्हणून बटण दाबून एक ते दोन सेकंद थांबावे आणि मग बोलावे. बोलणे संपवताना शेवटचे अक्षर पूर्ण उच्चारून, अर्ध्या श्वासाएवढे थांबून मगच बटण सोडावे.

याहून मोठे महत्त्व दोन बोलण्यांच्या मधल्या मोकळ्या जागेला आहे. समोरच्याचे बोलणे संपल्यावर लगेच बटण दाबायचे नाही. दोन-तीन सेकंद जाऊ द्यायचे. हे सांगितले जाते सर्वत्र, पण त्याचे कारण क्वचितच समजावले जाते आणि त्यामुळे पाळलेही कमी जाते.

एका संध्याकाळी मी एका रिफ्लेक्टरला जोडलेला माझा जवळचा रिपीटर ऐकत बसलो होतो. दूरच्या देशांतले दोन जुने मित्र रंगात येऊन बोलत होते. एकाने बटण सोडले की दुसऱ्याने अर्ध्या सेकंदाच्या आत दाबलेच, इतका त्यांचा ताल जमला होता. मधूनच मला आमच्याच भागातला एक क्षीण, खरखरता आवाज ऐकू आला. कुणीतरी आपले कॉलसाइन सांगत होते आणि त्या दोघांच्या आवाजाखाली ते दबून जात होते. काही वेळाने पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याने कॉलसाइनचे एकेक अक्षर सुटे करून सांगितले. रिपीटरला तो ऐकू येत होता, मलाही येत होता. पण जाळ्याकडून आवाज येत असताना इकडून काहीही बाहेर पाठवायचे नाही, अशी आमच्या नोडची रचना होती. तो बाहेर पडू शकेल एवढी फट त्या दोघांच्या गप्पांत उरतच नव्हती. सुमारे 10 मिनिटांनी तो गप्प झाला. ते दोघे दुष्ट नव्हते. त्यांच्या कानांपुरता तो माणूस अस्तित्वातच नव्हता.

दोन-तीन सेकंदांची मोकळी जागा ठेवायची ती अशा माणसासाठी. शिवाय आपल्याला ऐकू येणारी शांतता आणि जाळ्यातली शांतता एकाच वेळी सुरू होत नाहीत. समोरच्याने बटण सोडल्यावर त्याच्या रिपीटरची टेल (बोलणे संपल्यावरही ट्रान्समीटर चालू राहतो तो थोडा वेळ), दुव्याची टेल आणि आपल्या रिपीटरची टेल एकामागून एक संपत जातात. सगळ्यात शेवटच्या नोडवर फट मोकळी होईपर्यंत आपण पुन्हा बटण दाबलेले असेल, तर तिथल्या लोकांसाठी फट आलीच नाही.

याला टाइमरचाही पैलू आहे. रिपीटरवर टाइम-आउट टाइमर असतो. अनेक ठिकाणी तो 3 मिनिटांचा ठेवतात. कुणाचे बटण अडकले किंवा मायक्रोफोन गाडीच्या सीटखाली दाबला गेला, तर तो टाइमर ट्रान्समीटर बंद करून जाळे वाचवतो. बोलणे थांबल्यावर ऐकू येणारी बीप, जिला कर्टसी टोन म्हणतात, ती बऱ्याच रिपीटरांवर टाइमर पुन्हा शून्यावर आल्याची खूण असते. बीपच्या आधीच पुढच्याने बटण दाबले की टाइमर मोजतच राहतो आणि दोघांच्या बोलण्याची बेरीज होऊन मधेच रिपीटर बंद पडतो. जाळ्यात एखाद्या दूरच्या रिपीटरचा टाइमर आपल्या रिपीटरपेक्षा आखूड असू शकतो. तो बंद पडला तर तिकडच्या श्रोत्यांसाठी आपले बोलणे अर्ध्यावर तुटते आणि इकडे आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यामुळे एका वेळचे बोलणे मिनिटभरात आटोपावे. अनेक जण समोर टाइमर नसला तरी ही सवय ठेवतात आणि ती योग्यच आहे.

एकाच वेळी दोघांनी बोलणे, म्हणजे हॅम मंडळींच्या भाषेत डबलिंग, साध्या एफएम रिपीटरवर लगेच लक्षात येते. तिथे जास्त जोरकस सिग्नल दुसऱ्याला दाबून टाकतो आणि दोन्ही जवळपास सारखे असतील तर कर्कश शिट्टी वाजते. कुणीतरी सांगते की दोघे एकदम बोललात. जाळ्यावर ते दोघे वेगवेगळ्या रिपीटरांवर असतात. प्रत्येकाला आपल्या रिपीटरची नेहमीची बीप ऐकू येते आणि सगळे सुरळीत गेले असे वाटते. प्रत्यक्षात यंत्रणेनुसार कधी दोन्ही आवाज मिसळून खिचडी होते, तर कधी आधी पोहोचलेल्याला वाट मिळून दुसरा दारातच अडतो. उत्तर आले नाही म्हणजे समोरच्याने दुर्लक्ष केले, असे जाळ्यावर कधीही समजू नये. थोडे थांबून पुन्हा सांगावे. तिघे-चौघे बोलत असतील तर बोलणे संपवताना पुढचे कोण हे नाव किंवा कॉलसाइन घेऊन सांगावे, ‘आता कोण?’ असे विचारून बटण सोडले की तीन खंडांतून तीन जण एकदम उत्तर देतात.

हाक मारण्याची पद्धतही येथे थोडी वेगळी आहे. एचएफवर, म्हणजे दूरवर पोहोचणाऱ्या लघुलहरींवर, सीक्यू, सीक्यू (कुणीही उत्तर द्या) असा लांब पुकारा करावा लागतो, कारण ऐकणारा डायल फिरवत असतो आणि त्याला आपल्यापर्यंत पोहोचायला वेळ हवा असतो. रिपीटरवर ऐकणारा आधीच त्या फ्रिक्वेन्सीवर असतो. तिथे कॉलसाइन सांगून ‘ऐकत आहे’ म्हटले की पुरते. जाळ्यावर त्यात एक भर घालावी: आपण कोणत्या शहराजवळच्या रिपीटरवरून किंवा नोडवरून आलो आहोत ते सांगावे. श्रोत्याला त्यावरून मार्ग, वेळ आणि अंतर यांचा अंदाज येतो. कॉलसाइन सावकाश आणि आंतरराष्ट्रीय ध्वनिवर्णमालेत, म्हणजे अल्फा, ब्राव्हो, चार्ली या पद्धतीने सांगावे; स्वतःच्या मनाने रचलेले शब्द ओळखीच्या गटात चालतात, पण वेगळी मातृभाषा असलेल्या श्रोत्याला ते अडखळवतात. हाक मारण्याआधी मिनिटभर ऐकावे हे ओघाने आलेच.

कॉलसाइन न सांगता नुसते बटण दाबून रिपीटर चालू होतो का हे पाहणे, ज्याला कर्चंक म्हणतात, ते साध्या रिपीटरवरही अयोग्य आहे. जाळ्यावर त्या एका दाबाने सगळीकडचे स्क्वेल्च उघडतात आणि दूर कुठेतरी मध्यरात्री सेट चालू ठेवून झोपलेला माणूस कारणाशिवाय दचकतो. चाचणी करायचीच असेल तर कॉलसाइन सांगून करावी आणि शक्य असल्यास दुवा सोडून स्थानिक रिपीटरवर करावी. आपला आवाज स्वतः ऐकण्यासाठी एकोलिंकवर 9999 क्रमांकाचा इको टेस्ट सर्व्हर आहे आणि डीएमआर जाळ्यांवर पॅरट नावाची तशीच सोय असते. ओळख किती वेळाने सांगावी याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. अमेरिकेत संभाषणाच्या शेवटी आणि मध्ये दर 10 मिनिटांनी ती सांगणे बंधनकारक आहे. आपला देश कोणताही असो, जाळ्यावर याहून आखूड अंतराने कॉलसाइन सांगितलेले चांगले, कारण नवे श्रोते सतत येत-जात असतात.

सिग्नल रिपोर्टबद्दल बराच गैरसमज आहे. ‘माझा सिग्नल कसा येतोय?’ असे हजारो किलोमीटरवरच्या माणसाला विचारले की तो आपल्या सेटच्या मीटरकडे पाहून ‘फाइव्ह नाइन’, म्हणजे उत्तम, म्हणतो. तो मीटर त्याच्या गावच्या रिपीटरची ताकद दाखवत असतो. आपल्या सिग्नलशी त्याचा काहीही संबंध नसतो. तो खरे सांगू शकतो ते एवढेच: आवाज स्वच्छ आहे का, मागे खरखर आहे का, शब्द तुटतात का, आवाजाची पातळी इतरांच्या बरोबरीची आहे का. हे विचारावे आणि हेच सांगावे. आपण आपल्या रिपीटरपर्यंत कसे पोहोचतो आहोत, हे त्याच रिपीटरच्या परिसरातला श्रोताच नीट सांगू शकतो.

आपला सिग्नल रिपीटरपर्यंत खरखरत पोहोचत असेल तर ती खरखर सगळ्या 40 ठिकाणी जशीच्या तशी प्रसारित होते. स्थानिक रिपीटरवर लोक सांभाळून घेतात. जाळ्यावर मात्र चालत्या गाडीतून सिग्नल खालीवर होऊ लागला की ‘चांगल्या जागी पोहोचल्यावर पुन्हा येतो’ असे सांगून बाजूला व्हावे. गाडीची खिडकी बंद करावी, पंखा किंवा दूरचित्रवाणी मायक्रोफोनपासून लांब ठेवावी आणि मायक्रोफोन तोंडाला चिकटवू नये. डिजिटल जाळ्यांवर तर गोंगाट अधिकच त्रासदायक ठरतो, कारण तिथले व्होकोडर, म्हणजे आवाजाचे डेटात रूपांतर करणारे भाग, मानवी आवाजासाठी बनवलेले असतात आणि वारा किंवा इंजिनाचा आवाज मिसळला की शब्दच ओळखू येईनासे होतात.

दोन ओळखीची माणसे एकाच रिपीटरच्या परिसरात असतील तर त्यांनी आपल्या गप्पांसाठी संपूर्ण जाळे अडवू नये. हे ओळखायला सोपे आहे: सेटवरचे रिव्हर्स बटण दाबून रिपीटरची इनपुट फ्रिक्वेन्सी (ज्यावर रिपीटर ऐकतो ती) ऐकावी, समोरचा थेट ऐकू आला तर रिपीटरचीही गरज नाही, सिम्प्लेक्सवर, म्हणजे रिपीटरशिवाय थेट बोलण्यावर, जावे. मोठ्या रिफ्लेक्टरवर किंवा डीएमआरच्या 91 क्रमांकाच्या जागतिक टॉकग्रुपवर भेट झाली आणि बोलणे लांबणार असे दिसले, तर दोघांनी ठरवून कमी वर्दळीच्या दुसऱ्या ठिकाणी जावे. डीएमआरवर याला आणखी एक कारण आहे. तिथे एकाच 12.5 किलोहर्ट्झच्या चॅनलवर 30-30 मिलिसेकंदांचे दोन टाइम स्लॉट आलटून पालटून चालतात. आपण एखादा दूरचा टॉकग्रुप जागा केला की तो आपल्या रिपीटरचा एक अख्खा स्लॉट काही मिनिटे धरून बसतो, आणि त्या स्लॉटवर दुसरा टॉकग्रुप ऐकणाऱ्या शेजाऱ्याला अचानक रिपीटर मिळेनासा होतो. काम झाल्यावर तो टॉकग्रुप सोडून द्यावा. ब्रँडमायस्टर या डीएमआर जाळ्यावर त्यासाठी 4000 हा क्रमांक आहे.

दुवा जोडणे आणि सोडणे हा भाग नवशिक्यांना धास्तीचा वाटतो, पण तो अवघड नाही. आधी स्थानिक रिपीटर मोकळा आहे का ते ऐकायचे, कॉलसाइन सांगून अमुक नोडला जोडत आहे असे जाहीर करायचे, मग कीपॅडवरून डीटीएमएफ, म्हणजे टेलिफोनसारख्या स्वरांचे, आकडे पाठवायचे. जोडल्याची घोषणा झाल्यावर लगेच बोलू नये. पलीकडे संभाषण चालू असू शकते आणि ते आपल्याला पुढच्या वाक्यापासूनच ऐकू येईल. निदान अर्धे मिनिट ऐकावे. दुसऱ्या कुणी आधीच जोडलेला दुवा त्याला विचारल्याशिवाय तोडू नये. आणि एका जाळ्याला जोडलेला नोड दुसऱ्या जाळ्याला जोडण्याचा मोह पूर्ण टाळावा, कारण दोन जाळी दोन ठिकाणी एकमेकांना भेटली की आवाज वर्तुळात फिरू लागतो आणि कुणीतरी नोड बंद करेपर्यंत सगळेच जाळे गुदमरते.

आणीबाणीत या सगळ्या रीतींचा खरा उपयोग कळतो. मोकळ्या फटीत कुणी ‘ब्रेक’ म्हटले किंवा आणीबाणी असल्याचे सांगितले, तर चालू बोलणे तत्काळ थांबवून त्याला वाट द्यावी. हाक मारणाऱ्याने शहर, प्रांत आणि देश आधी सांगावेत, कारण ऐकणाऱ्याला तो कोणत्या खंडात आहे हेही ठाऊक नसते. चौकाचे नाव नंतर. उत्तर अटलांटिकमधल्या चक्रीवादळांच्या वेळी व्हीओआयपी हरिकेन नेट ही हौशींची हवेवरची सभा (नेट) एकोलिंक आणि आयआरएलपी जोडून वादळाच्या पट्ट्यातली निरीक्षणे मायामीतल्या नॅशनल हरिकेन सेंटरच्या हौशी केंद्रापर्यंत, म्हणजे डब्ल्यूएक्स4एनएचसीपर्यंत, पोहोचवते. अशा नेटवर बोलायचे ते वादळाच्या पट्ट्यातल्या आणि नेट कंट्रोलने, म्हणजे नेट चालवणाऱ्या केंद्राने, बोलावलेल्या केंद्रांनी. बाकीच्यांनी ऐकावे, मदतीची इच्छा कितीही खरी असली तरी हजारो किलोमीटरवरून दिलेल्या शुभेच्छेत एका निरीक्षणाची जागा जाते.

कुणी मुद्दाम अडथळा आणत असेल तर त्याला हवेत उत्तर देऊ नये. त्याला उद्देशून उच्चारलेला प्रत्येक शब्द 40 ठिकाणी जातो आणि तो आणखी चेकाळतो. बंदोबस्त करण्याचे साधन नोडचालकाकडे असते, त्याला वेगळ्या मार्गाने कळवावे. विषयांच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमांतले 25 वे कलम लक्षात ठेवलेले बरे: वेगवेगळ्या देशांतल्या हौशी केंद्रांमधले बोलणे हौशी सेवेच्या उद्देशापुरते आणि वैयक्तिक स्वरूपाचे असावे. आपले शब्द ज्या परदेशी ट्रान्समीटरमधून बाहेर पडतात, त्याचा परवानाधारक त्याच्या स्वतःच्या देशाच्या नियामकाला उत्तरदायी असतो. धर्म, राजकारण किंवा व्यापार यांवर बोलून त्याला अडचणीत आणण्याचा आपल्याला काही अधिकार नाही.

निरोप घेताना 73 (हॅम भाषेत शुभेच्छा) म्हणून कॉलसाइन सांगितले तरी लगेच दुवा तोडू नये. समोरच्याचे शेवटचे शब्द अजून वाटेत असतात आणि त्याच्यामागे कुणीतरी आपल्यालाच हाक मारायला थांबलेले असू शकते. टेल संपू द्यावी, 10-15 सेकंद ऐकावे, मग दुवा सोडत असल्याचे सांगून आकडे पाठवावेत. आयआरएलपीच्या बहुतेक नोडवर ते आकडेही 73 च आहेत. दुवा सुटल्याची घोषणा कानाने ऐकल्यावरच सेट बंद करावा.